पडदा दुखत नाही

इंदूरच्या मराठी घरात आजी-आजोबा "हल्ली जरा कमीच दिसतंय" म्हणाले की उत्तरं दोनच ठरलेली. नंबर वाढला असेल, नाहीतर मोतीबिंदू आला असेल. नंबर असला तर राजवाड्याकडे जाऊन नवा चष्मा करायचा, मोतीबिंदू असला तर थंडी सुरू झाली की ऑपरेशन उरकायचं. दोन्ही गोष्टी डोळ्याच्या पुढच्या भागातल्या आणि दोन्ही दुरुस्त होणाऱ्या, त्यामुळे कुणाला फारशी घाई नसते. डोळ्याच्या मागचा पडदा बिघडला असेल, ही तिसरी शक्यता मनातच येत नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर पडदा बघतात त्याआधी नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, बाहुली मोठी करायचे थेंब घालणं हे माझं रोजचं काम. पडद्याचा आजार बराच पुढे गेलेली माणसं समोर बसतात तेव्हा बहुतेकांचं एकच म्हणणं असतं: "पण दुखत तर काहीच नव्हतं हो!"

खरंच दुखत नाही. पडद्यात वेदना कळवणारे मज्जातंतूच नसतात. तिथे रक्त झिरपलं, सूज आली, भोक पडलं, अगदी पडदा फाटला तरी डोळा लाल होत नाही, ठणकत नाही, पाणी येत नाही. शिवाय डोळे दोन. एकाचं काम दुसरा इतक्या बेमालूमपणे सांभाळतो की एका डोळ्याची नजर अर्धी गेली तरी माणूस स्कूटर चालवत असतो, पेपर वाचत असतो. मग कधीतरी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, तो चोळण्यासाठी मिटला जातो आणि दुसऱ्या डोळ्याने समोरच्याचा चेहराच दिसत नाही हे तेव्हा कळतं. घरचे म्हणतात, अचानक दिसेनासं झालं. अचानक झालेलं नसतं, अचानक कळलेलं असतं.

डोळ्याच्या आतल्या बाजूला, मागच्या भिंतीला चिकटलेला जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे हा पडदा. प्रकाश ओळखणाऱ्या पेशी इथेच असतात. अंधुक उजेडात दिसण्यासाठी साधारण 12 कोटी, रंग आणि बारकावे दिसण्यासाठी साधारण 60 लाख. त्यांनी टिपलेलं सगळं दृष्टीच्या नसेतून मेंदूकडे जातं. पडद्याच्या मधोमध साडेपाच मिलिमीटरचा जो भाग आहे त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं हे सगळं त्याच्या जोरावर चालतं. आजूबाजूचा पडदा चालताना ठेच लागू देत नाही, बाजूने येणारी गाडी दाखवतो. म्हणून मॅक्युला बिघडला की माणूस घरात नीट वावरतो पण पोथी वाचू शकत नाही, आणि कडेचा पडदा बिघडला की वाचता येतं पण दाराच्या चौकटीला खांदा आपटतो.

या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. पुष्कळ लोकांना वाटतं, नेत्रदानात मिळालेला डोळा बसवता येईल. नेत्रदानातून दुसऱ्याला बसवतात ते पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच. अख्खा डोळा किंवा पडदा बदलून दृष्टी परत आणण्याचा उपचार आज दवाखान्यात मिळत नाही. म्हणून उपचारांचा सगळा जोर आहे ते वाचवण्यावर असतो.

शुगर असेल तर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण टाळता येण्यासारखं सगळ्यात जास्त नुकसान मला इथेच दिसतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज मांडला गेला. पोहे-जिलेबीने सकाळ सुरू करून सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्र संपवणाऱ्या आपल्या शहरात तर शुगरवाला माणूस नाही असं घर शोधावं लागतं.

वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. त्यांना छोटे छोटे फुगे येतात, त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते. हे झिरपणं कडेला असेल तर नजर 6/6 राहते, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. तेच मॅक्युलात झालं तर तिथे सूज येते आणि अक्षरं धुरकट होतात. पुढे काही वाहिन्या बंदच पडतात. रक्त न मिळणारा पडदा मग व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो, आणि त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात. ऐकायला बरं वाटतं, पण या वाहिन्या कच्च्या असतात. झोपेत, खोकताना, काही कारण नसतानाही फुटतात आणि डोळ्यात रक्त भरतं. कुणी म्हणतं काळा धूर दिसला, कुणी म्हणतं डोळ्यापुढे कोळिष्टकं आली. त्या वाहिन्यांबरोबर वाढणारी जाळी पुढे पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवते, तेव्हा मात्र मोठं ऑपरेशन लागतं आणि तरीही पूर्वीसारखं दिसेल याची खात्री नसते.

या सगळ्याला बहुधा वर्षं लागतात, म्हणजे अडवायला वेळ भरपूर असतो. पण ओपीडीत संभाषण असं होतं:

"काकू, शुगर किती वर्षं आहे?"

"झाली असतील की बारा-तेरा."

"मग पडदा शेवटचा कधी तपासला?"

"अगं, दिवाळीतच तर नवा चष्मा केला."

चष्म्याचा नंबर काढणं आणि पडदा तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानातल्या मशिनवर हनुवटी टेकवली, तक्ता वाचला, नंबर मिळाला, तरी मागचा पडदा कुणीही पाहिलेला नसतो. मध्यम वयानंतर आणि शुगरमध्ये बाहुली लहानच राहते, त्यातून पडद्याचा मधला तुकडा कसाबसा दिसतो. कडेपर्यंत पाहायचं तर थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते.

ते थेंब थोडे झोंबतात. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा घालून मी डोळे मिटून बसायला सांगते. अर्ध्या तासाने बाहुली पसरते, ट्यूबलाइटही डोळ्यात घुसतेय असं वाटतं. मग डॉक्टर कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून सांगतात: वर बघा, उजवीकडे, खाली, डावीकडे. प्रकाश प्रखर असतो, डोळा आपोआप मिटायला बघतो, पण दुखत नाही. सूज बघायची असली तर ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन करतात. मशिनपुढे काही सेकंद एका खुणेकडे बघत राहायचं, एवढंच. पडद्याचे थर एकेक करून स्क्रीनवर दिसतात, आणि ज्यांना वर्षभर "सूज आहे" हे सांगून पटत नव्हतं त्यांना त्या चित्रातला उंचवटा बघून क्षणात पटतं. नंतर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सहन होत नाही. म्हणून विजयनगरहून एकट्याने स्कूटरवर येऊ नका. सोबत कुणाला तरी आणा, गॉगल आणा. काचबिंदूचा त्रास असेल किंवा डोळ्याचा कोन अरुंद आहे असं कुणी सांगितलं असेल तर थेंब घालायच्या आधीच सांगा.

प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे टाइप 2 मधुमेहाचं निदान झालं की त्याच सुमारास पहिली तपासणी, मग दरवर्षी. निदानाच्या वेळीच ही तपासणी हवी, कारण शुगर त्याआधी किती वर्षं गुपचूप वाढलेली होती हे कुणालाच माहीत नसतं. लहान वयात होणाऱ्या टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करायची. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवायचा, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो.

शुगर सांभाळून पडद्याला खरंच फरक पडतो का? पडतो, आणि ते मोजलेलं आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात, टाइप 1 च्या ज्या रुग्णांचा पडदा सुरुवातीला चांगला होता त्यांनी शुगर काटेकोर ठेवल्यावर पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. टाइप 2 साठी ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाने 1998 मध्ये हीच दिशा दाखवली, आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्यानेही डोळे वाचतात हे दाखवलं. तेव्हा एचबीएवनसीच्या, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या कागदाबरोबर बीपीची वही, कोलेस्टेरॉल आणि किडनीचे रिपोर्टही डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. "इन्सुलिन सुरू केलं आणि डोळे गेले" हे मी पुष्कळदा ऐकलं आहे. बराच काळ चढलेली शुगर झटक्यात खाली आली तर काही जणांचा पडदा सुरुवातीला थोडा बिघडतो, हे खरं आहे. पण पुढच्या वर्षांत फायदाच होतो. म्हणून इन्सुलिन सुरू करायच्या आधी पडदा दाखवून घ्या. इन्सुलिन नाकारू नका.

शेक आणि इंजेक्शन

लेझरला आपल्याकडे लोक "पडद्याला शेक दिला" म्हणतात. या उपचाराची सुरुवात एका सूर्यग्रहणाशी जोडलेली आहे. 1945 च्या ग्रहणाकडे थेट पाहून पडदा भाजलेला रुग्ण जर्मन डॉक्टर गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी पाहिला, आणि त्यांच्या मनात आलं की प्रकाशाने इजा होते तर मोजून-मापून उपचारही करता येईल. त्यांनी हॅम्बुर्गच्या रुग्णालयाच्या गच्चीवरून आरशांनी सूर्यप्रकाश खाली आणून रुग्णांच्या पडद्यावर टाकला. पुढे झेनॉनचे दिवे आले, मग लेझर. आज शुगरच्या वाढलेल्या आजारात कडेच्या पडद्यावर लेझरचे शेकडो बारीक ठिपके देतात. त्या भागाची रक्ताची मागणी कमी होते आणि कच्च्या वाहिन्या आकसतात. लेझरने नजर सुधारेल अशी अपेक्षा धरून येऊ नका. रात्रीचं दिसणं थोडं कमीही होऊ शकतं. मधली नजर टिकवण्यासाठी ती किंमत दिलेली असते.

मॅक्युलाची सूज उतरवायला आता बहुतेक वेळा डोळ्यात इंजेक्शन देतात. हे ऐकून माणसं खुर्चीतच घाबरतात, म्हणून सविस्तर सांगते. हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा तितक्याच स्वच्छ खोलीत होतं. आधी बधिर करायचे थेंब, मग बेटाडिनने डोळा धुणं, मग पापण्या उघड्या ठेवणारी क्लिप. सुई बुब्बुळात जात नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जाते आणि औषध असतं थेंबभर, 0.05 मिलिलिटर. टोचायला काही सेकंद लागतात. दाब जाणवतो, दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर लाल डाग दिसू शकतो, तो आपोआप जातो. बेव्हासिझुमॅब हे मूळचं आतड्याच्या कर्करोगाचं औषध, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही खास डोळ्यासाठीची. तिन्ही त्या व्हीईजीएफला अडवतात. किमतींत खूप फरक आहे, आणि स्वस्त म्हणजे वाया असं नाही. तुमच्या डोळ्याला कोणतं, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

एका इंजेक्शनात भागत नाही, ही गोष्ट आधी सांगितली जात नाही आणि मग लोक मध्येच सोडतात. सुरुवातीला साधारण दर महिन्याला, सलग तीन ते पाच, पुढे ओसीटी बघून. इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखायला लागला, जास्त लाल झाला किंवा नजर उतरली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी परत या. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासातासाचा हिशोब असतो.

पडदा सुटणं

वयाबरोबर डोळ्याच्या पोकळीतला घट्ट पारदर्शक द्रव पातळ होऊन पडद्यापासून सुटतो. तेव्हा तरंगणारे ठिपके, केस, माश्या दिसतात. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण तिथेच थांबतं. काहींच्या डोळ्यात मात्र हा द्रव सुटताना पडद्याला ओढ बसते आणि तो फाटतो. मग ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा जसा एका चिरेपासून सुटत जातो, तसं फटीतून पाणी मागे शिरत पडदा भिंतीपासून उचलला जातो. मिटल्या डोळ्यांसमोर, अंधारातही विजा चमकणं, ठिपक्यांचा एकदम पाऊस पडणं, आणि एका बाजूने काळी सावली सरकत येणं ही त्याची लक्षणं. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं. नुसती फट सापडली तर लेझरने बसल्या बसल्या सील करता येते. सावली मध्यापर्यंत यायच्या आत ऑपरेशन झालं तर वाचायची नजर वाचू शकते. मॅक्युला सुटल्यावर पडदा बसवता येतो, पण नजर पूर्वीइतकी येईलच असं नाही. सगळा फरक एक-दोन दिवसांचा असतो, आणि ते दिवस बहुतेक वेळा "सोमवारी दाखवू" म्हणण्यात जातात.

उणे 6 च्या वरचा नंबर, घरात आणखी कुणाचा पडदा सुटलेला असणं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असणं, डोळ्याला मार लागणं यांत धोका जास्त. मार म्हटलं की मला आपली रंगपंचमी आठवते. गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, नाचायला माझी हरकत नाही. पण पाण्याचा फुगा किंवा पाइपाची धार सरळ डोळ्यावर बसली तर बाहेरून खरचटलेलंही नसताना पडदा फाटू शकतो, आणि कधीकधी सुटतो तो काही आठवड्यांनी. मुलगा "आता दिसतंय" म्हणाला तरी पडदा दाखवून आणा.

पडदा सुटल्याच्या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात आणि काही दिवस मान खाली घालून राहायला सांगतात. गॅस आहे तोवर विमानात बसायचं नाही. मुलीकडे पुण्याला विश्रांतीला जायचं म्हणून तिकीट काढू नका. उंचीवर गॅस फुगतो, डोळ्याचा दाब भयंकर वाढतो आणि वाचवलेला डोळा जाऊ शकतो.

एक गोष्ट याहूनही तातडीची. एका डोळ्याने क्षणात, न दुखता, पूर्ण अंधार झाला तर पडद्याची मुख्य धमनी बंद झालेली असू शकते. हा डोळ्यातला लकवाच. काही तासांत पडदा कायमचा मरतो, म्हणून चष्म्याच्या दुकानात नाही, लकव्याचा उपचार होतो अशा मोठ्या रुग्णालयात धावायचं. पाच-दहा मिनिटं अंधारी येऊन पुन्हा दिसू लागलं तरीही जायचं. मेंदूच्या झटक्याआधीचा तो इशारा असू शकतो. बीपी वाढलेल्यांमध्ये पडद्याची शीर तुंबते तो आजार वेगळा, त्यात रक्त आणि सूज येते, आणि त्यावर बहुधा इंजेक्शनच असतं.

कालनिर्णयसमोर

साठीनंतर मॅक्युलाची झीज सुरू होऊ शकते. कोरड्या प्रकारात ती हळूहळू होते, ओल्या प्रकारात पडद्याखाली वाहिन्या फुटून काही दिवसांत नजर ढासळते. यासाठी घरच्या घरी करण्यासारखं काही असेल तर ते भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर. वाचायचा चष्मा लावून हातभर अंतरावर उभं राहायचं, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि मधल्या एका तारखेकडे बघायचं. चौकोनांच्या रेघा सरळ आहेत का? कुठे वाकल्या, कुठे एखादी तारीखच गायब आहे का? मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा पुरे. रेघ वाकडी दिसली तर त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे. ओल्या प्रकारात लवकर इंजेक्शन मिळालं तर बरंच वाचतं.

या आजारात विडी-सिगारेट हा आपल्या हातातला सगळ्यात मोठा शत्रू. मध्यम टप्प्यातल्या रुग्णांना ठरावीक जीवनसत्त्वं आणि झिंकच्या गोळ्यांनी आजार पुढे जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटतो हे 2001 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. पण त्या गोळ्या सगळ्यांसाठी नाहीत, आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन असलेली गोळी मुळीच घेऊ नये, त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गाजराचा रस, त्राटक, डोळ्यात मध घालणं यांतल्या कशानेही सुटलेला पडदा चिकटत नाही. डोळ्यात मध घालू तर नकाच.

मुलांबद्दल तीन गोष्टी. बाळ 34 आठवड्यांआधी जन्मलं किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं असलं तर जन्मापासून 30 दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, फारच लहान बाळाची त्याहून लवकर. डिस्चार्जच्या गडबडीत कुणी बोललं नाही तर तुम्ही विचारा. फ्लॅशच्या फोटोत मुलाची बाहुली पांढरी चमकताना दिसली तर तो फोटो घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, पडद्याची गाठ असू शकते. आणि मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने पडदा जळत नाही, पण घरात कोंडून जवळचं बघत राहिल्याने उणे नंबर वाढतो, आणि मोठा नंबर म्हणजे ताणलेला, पातळ पडदा. रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या.

संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. गोळी मनाने बंद करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या, इनहेलर किंवा मलम चालू असताना एका डोळ्यासमोर गोल सावली आली तर डॉक्टरांना त्या औषधाचं नाव सांगा. रात्री चाचपडणाऱ्या तरुण मुलामुलींमध्ये रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा आनुवंशिक आजार असू शकतो, अशा घरात बाकी भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

खर्चाची काळजी खरी आहे. इंदूरच्या एमवाय रुग्णालयात सरकारी नेत्रविभाग आहे. 70 च्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचं. कोणता उपचार त्यात बसतो हे दाखल व्हायच्या आधी रुग्णालयाच्या आयुष्मान काउंटरवर विचारून घ्या.

आणि ज्यांची नजर आधीच गेली आहे त्यांना "आता काही होणार नाही" म्हणून घरी बसवू नका. उरलेल्या नजरेसाठी वेगळी भिंगं मिळतात, त्यासाठी लो व्हिजन क्लिनिक कुठे आहे ते विचारा. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक मराठी वाचून दाखवतं. नातवंडांनी एक दुपार बसून ते आजीला शिकवलं, तर व्हॉट्सॲपवर आलेले भजनी मंडळाचे निरोप ती स्वतः ऐकू शकते.